घर काढायचा दिवस

भाड्याचं घर बघायला जाताना मी प्रश्नांची यादी नेते. पाणी किती वेळ येतं, विजेचं मीटर वेगळं आहे का, पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरते, कचरा कोण नेतं. अकोल्याहून बदली होऊन पनवेलला आले, तेव्हाही यादी पर्समध्ये होती. काकींच्या अंगणात ती काढायची वेळच आली नाही. प्रश्न त्यांनीच विचारले.

त्या शेवग्याच्या झाडाखाली बसून कोलंबी सोलत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं, कपाळ मोकळं, कानात सोन्याच्या जाड बुगड्या. एजंटने "या मालकीणबाई" एवढं सांगितलं आणि फोनवर बोलत तो गेटबाहेर गेला.

"कुठली?" काकींनी वर न बघता विचारलं.

"अकोला."

"ते कुठं आलं?"

"विदर्भात. रात्रभराची गाडी आहे."

"लांब हाय. संगती कोन?"

"कोणी नाही. लग्न झालं होतं, आता नाही."

"मासं खातेस?"

"नाही."

आता त्यांचा हात थांबला. "अंडं?"

"तेही नाही."

"मंग जगतेस कशावर?"

"पोळी-भाजी. वरण-भात."

"आनि मांजरीला काय घालशील?"

"माझ्याकडे मांजर नाही, काकी."

"माझी हाय ना. ती सगल्या खोल्यांत जेवते." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "वासाला तोंड वाकडं करशील?"

"नाही करणार."

"करशील. पन दार लावून आत कर. वरची खोली घे, तिला वारा हाय."

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघायला कंपनीने मला पाठवलं होतं. पनवेलमध्ये ओळखीचं एकही माणूस नव्हतं. त्याआधी पाहिलेल्या घरांपैकी काही ठिकाणी एकट्या बाईला जागा देत नव्हते. एका ठिकाणी माझ्या वडिलांनी येऊन सही करावी अशी अट होती. वडील वारलेत म्हटल्यावर भाऊ चालेल म्हणाले. काकींना माझ्या एकटेपणाचं काही वाटलं नाही. त्यांना काळजी वाटली ती माझ्या शाकाहाराची.

काकींचं घर जुन्या गावठाणात होतं. चारही बाजूंनी नवं शहर चढलेलं आणि मध्ये हे गाव, बशीत राहिलेल्या घासासारखं. खाली काकी, त्यांचा मुलगा आणि सून. वरच्या दोन मजल्यांवर भाड्याच्या खोल्या. एका खोलीत बीडची एक नर्स, एकीत पाटण्याचं जोडपं, बाकीच्यांत येणारे-जाणारे. त्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेराच्या गावावरून हाक मारायची पद्धत. काकींचं माहेर उरणजवळचं मोरा, म्हणून त्यांच्या म्हाताऱ्या जावा त्यांना अजून मोरेकरीण म्हणत. काकींनी हा नियम भाडेकरूंनाही लावला होता. मी अकोलकरीण, नर्स बीडकरीण आणि मराठीचा एक शब्द न येणारी ती बिचारी पाटणेकरीण. ती पहिले काही आठवडे हाकेला ओ देत नसे. काकींना वाटलं, ऐकू कमी येतं. म्हणून त्या तिच्याशी आणखी मोठ्याने मराठी बोलत. वर्षभरात तिला येऊ लागली.

रस्ता विचारावा तर काकींनाच, आणि विचारू नये तोही काकींनाच. बँक कुठे आहे असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"मिठागरावरनं सरल जा. मोठा बांध लागंल. बांधावरनं डावीकडं, म्हातारीच्या उंबरापाशी."

मी रिक्षावाल्याला मिठागर म्हटलं. त्याने मीटर पाडायचा हात मागे घेतला. "मॅडम, कुठल्या गावाला जायचंय?"

मिठागर म्हणजे पेट्रोल पंप. मोठा बांध म्हणजे कळंबोलीकडे जाणारा सहापदरी रस्ता. म्हातारीच्या उंबरापाशी आता मोबाइलचं दुकान आहे आणि त्याला लागून बँक. काकी फसवत नव्हत्या. गच्चीवर उभं राहिलं की त्यांना ते सगळं अजून तिथेच दिसायचं, मधे उभे असलेले टॉवर म्हणजे कोणीतरी आणून ठेवलेलं सामान. मी सवयीप्रमाणे दोन रकाने आखून एका कागदावर त्यांची ठिकाणं आणि आपली ठिकाणं लिहून काढली, खाली नकाशाही काढला. नवा भाडेकरू आला की बीडकरीण त्याची झेरॉक्स देऊ लागली. काकींना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं केलंस. पन उंबर चुकीच्या बाजूला काढलास."

हे सगळं गमतीचं. आता ज्या गोष्टीसाठी काकी त्या भागातल्या एजंटांमध्ये प्रसिद्ध होत्या, ती सांगते.

आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात. का, हे सहसा कोणी विचारत नाही. अकरा संपले की पुन्हा अकरा. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, दोन्ही बाजू अंगठे लावतात, चहा होतो, संपलं. काकींच्या घरी असं नव्हतं. माझा करार संपत आला तेव्हा त्या जिन्यात उभं राहून म्हणाल्या, "अकोलकरणी, पुढच्या आयतवारी घर काढायचं गो."

कशाने रागावल्या असतील, याचा विचार करत मी रात्री एजंटांना मेसेज केले, दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दोन फ्लॅट बघून आले. संध्याकाळी बीडकरणीला सांगितलं, तर ती खो खो हसत सुटली.

"अहो मॅडम, एका दिवसाचं असतं ते. सकाळी सामान बाहेर काढायचं, संध्याकाळी परत आत. मीपण पहिल्या वेळी रडले होते."

खरंच तसं झालं. रविवारी सकाळी काकींच्या मुलाने दोन हमाल आणले. माझा पलंग, कपाट, फ्रिज, गॅस, पुस्तकांची खोकी, देवघर, केरसुणीसुद्धा, सगळं अंगणात शेवग्याखाली. एक चमचा आत राहिलेला काकींना चालत नसे. ताक घुसळायची रवी ओट्याखाली राहिली होती, ती त्यांनी शोधून बाहेर आणली. मग त्या अनवाणी वर गेल्या, रिकाम्या खोलीच्या खिडक्या उघडल्या आणि दार आतून लोटून घेतलं.

मी जिन्यातून फटीतून पाहिलं. त्या खोलीच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले. तोंडाने काही पुटपुटत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय करत होता, काकी?"

"घराला सांगत व्हते. मालकीन हाय अजून."

त्या दिवशी भाडेकरूला स्वयंपाक नसे. काकी अंगणात चूल पेटवून जेवण करत. तांदळाच्या भाकऱ्या, इतरांसाठी बोंबलाचं कालवण, माझ्यासाठी वाल. पानाला बसल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं. असं सामान काढायची कायद्यात काही गरज नाही, नुसता करार नवा केला तरी पुरतं. मी मुद्देसूद बोलते. त्यांनी सगळे मुद्दे ऐकून घेतले.

"माझा सासरा कूल व्हता," त्या म्हणाल्या. "जमीन पनवेलच्या पेठेतल्या मालकाची. सासरा कसायचा. मंग कायदा आला, कसेल त्याची जमीन. केस लय वर्सं चालली. निकाल लागला तवा मी नवी नवरी. तो मालक आला, बांधावर उभा ऱ्हायला आनि रडला. म्हनला, मी कवा तुला उठ म्हनलो नाय, म्हनून तू बसलास. सासऱ्यानं त्याला पानी दिलं, गूल दिला. जमीन नाय दिली."

"पण काकी, तो कायदा शेतीचा. खोल्यांचा त्याच्याशी संबंध नाही."

"वकीलपन तेच म्हनतो." त्यांनी माझ्या पानात आणखी वाल वाढले. "त्या मालकालापन कोनीतरी सांगितलंच आसंल, काय व्हत नाय म्हनून. बसलेला मानूस उठत नाय, अकोलकरणी. आमी नाय उठलो."

त्यांचं चुकत होतं. पण ती चूक वकिलाच्या सांगण्याने सुटणारी नव्हती. तिच्यामागे बांधावर रडणारा एक माणूस उभा होता. पुढे ती जमीनही नव्या शहरासाठी गेली. सासऱ्याने कमावलेल्यातलं उरलं होतं ते हे घर, आणि काकी दर अकरा महिन्यांनी त्यात बसून ते आपलं करून घेत होत्या. नंतरच्या वर्षांत मी घर काढायच्या दिवसासाठी खोक्यांवर आकडे घालून ठेवले. माझं सामान सगळ्यांत लवकर बाहेर आणि सगळ्यांत लवकर आत. काकी इतरांना सांगत, "अकोलकरीण बघा. नुसती म्हनायची खोटी."

मग घर पाडून टॉवर बांधायचं ठरलं. घर एकट्या काकींच्या नावावर नव्हतं. दीर, पुतणे, सगळ्यांचे हिस्से होते. सगळ्यांनी बिल्डरला सह्या दिल्या. काकींनी सगळ्यात शेवटी दिली. तीही मुलाने हात जोडल्यावर. नव्या इमारतीत त्यांना त्यांच्या नावाचा फ्लॅट मिळणार होता, आणि तो होईपर्यंत दुसरीकडे राहायचं भाडं बिल्डर देणार होता. आम्ही भाडेकरू पांगलो. बीडकरीण नाशिकला गेली. मला कळंबोलीत दोन खोल्यांची जागा मिळाली. मुलाने स्वतःच्या कुटुंबासाठी उलव्याला घर घेतलं आणि आईसाठी तिथे एक खोली ठेवली. काकी तिकडे जायला तयार होईनात.

"आये, तुला तिथं काय कमी हाय?" तो माझ्यासमोरच चिडून म्हणाला.

"तिथून दिसत नाय."

"काय दिसत नाय?"

"घर बांधताना. मी बघनार. नायतर ते लोक बांधनार आनि मी जाऊन नुसती ऱ्हानार? मंग ते माझं कसं?"

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हीच बघा आता. तुमचं ऐकते ती."

त्या माझं ऐकत नव्हत्या, पण घर शोधायचं काम मला येत होतं. मी काकींना म्हटलं, माझ्याकडे राहा, एक खोली तुमची. त्यांनी हात झटकला. "मालकीन भाडेकरणीच्या घरात? जावा हसतील. आनि तुझ्या खिडकीतनं नुसती ट्रकांची रांग दिसते." म्हणून अटी ठरल्या : उंच मजला, गावठाणाच्या दिशेची गॅलरी, लिफ्ट. तोवर काकी गावातल्या एका जावेकडे टेकल्या. मी एजंटांना कळवलं आणि आम्ही शनिवारी-रविवारी घरं बघत हिंडू लागलो.

ज्या रस्त्यांवर मी काही वर्षांपूर्वी एकटी यादी घेऊन फिरले होते, त्याच रस्त्यांवर आता काकी माझ्या मागून चालत होत्या. एखाद्या टॉवरच्या गेटपाशी थांबून म्हणत, "हितं आमचं खाचर व्हतं. भात चांगला यायचा. खारं पानी शिरलं नाय तर." वॉचमन त्यांना रजिस्टरमध्ये नाव लिहायला सांगे. त्यांना लिहिता येत नसे. मी लिही : भेटीचं कारण, फ्लॅट बघणे.

एका ठिकाणी वय नडलं. एका ठिकाणी "एकट्या राहणार? मग काही झालं तर?" एका ठिकाणी मालक सगळ्याला तयार होता. मग त्याने काकींचं बोलणं ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. फार बाजूला नाही, काकींना ऐकू जाईल एवढंच.

"मॅडम, या लोकल आहेत ना? राग मानू नका, पण लोकलला आम्ही देत नाही. एकदा बसले की उठत नाहीत. मग भाऊ येतात, पुढारी येतात."

मी त्याला चार शब्द सुनावले. काकी लिफ्टचं बटण दाबून उभ्या होत्या. गेटबाहेर आल्यावर म्हणाल्या, "खरं बोलला तो. आमी नाय उठलो." आणि मग, बऱ्याच वेळाने, उसाच्या रसाच्या गाडीपाशी : "पन आता तर उठलो ना गो सगलीकडनं."

सातव्या मजल्यावरचा तो फ्लॅट आम्ही पाहिला तेव्हा मला कळलं, हाच. गॅलरीतून गावठाण सरळ समोर. पत्र्यांच्या कुंपणाच्या आत काकींचं घर अर्धं पाडलेलं दिसत होतं. शेवगा अजून उभा होता. काकी गॅलरीचा गज धरून बघत राहिल्या. घरमालकीण माझ्याच वयाची, सौजन्याने बोलणारी बाई होती. तिने चहा आणला. वयाबद्दल काही बोलली नाही, एकटं असण्याबद्दल नाही, लोकल असण्याबद्दलही नाही. शेवटी कप उचलताना म्हणाली, "एकच गोष्ट, काकी. या सोसायटीत सगळे शाकाहारी आहेत. तुम्ही... मासे वगैरे?"

मला वाटलं, झालं, आता उठायचं.

काकींनी गॅलरीतून मान वळवली. "नाय. मी नाय खात. माल घातलेली हाय."

त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. पदर गळ्यापर्यंत होता, त्या बाईने बघितलंही नाही. "अरे वा," ती म्हणाली, "मग प्रश्नच नाही."

काकींना मी त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. दुधवाल्याशी नाही, जावांशी नाही, मतं मागायला येणाऱ्यांशी तर नाहीच. लिफ्टमध्ये मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "जागा छान आहे."

"दिसतं तिथून," काकी म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी त्या माझ्याकडे येत. झाकलेल्या पिशवीत मासळी. माझ्या स्वयंपाकघरात, जिथे तोवर अंडंही आलं नव्हतं, त्या ओट्याशी उभं राहून कालवण करत. मी नियम केले होते : वेगळा तवा, वेगळी सुरी, पंखा आधी लावायचा, कचरा लगेच खाली. काकी नियम पाळत आणि मला चिडवत. "अकोलकरणी, दार लावून आत तोंड वाकडं करून ये जा." मी खरंच आत जाई. बाहेर येई तेव्हा त्या पाय पसरून, चवीचवीने, काटे बशीच्या कडेला रचत जेवत असत. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वाल किंवा शेवग्याच्या शेंगा. जेवण झालं की बांधकामाची बातमी सांगत. पाया खणला. सळ्या आल्या. शेवगा पाडला, त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत. पहिला स्लॅब पडला तेव्हा पेढे घेऊन आल्या.

आठवडाभर त्या सातव्या मजल्यावर काय खातात हे मी विचारलं नाही. वजन उतरलेलं दिसत होतं.

त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपत आला, तेव्हा मुलाने सगळं आधीच करून ठेवलं. एजंट यंत्र घेऊन येणार होता, घरमालकीण खूश होती, भाडंही वाढवत नव्हती. काही करायचं उरलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मला वॉचमनचा फोन आला. गरज पडली तर म्हणून माझा नंबर त्याच्याकडे होता.

"मॅडम, तुमच्या काकींनी सगळं सामान बाहेर काढलंय. लवकर या."

सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर काकींचा संसार. गादी गुंडाळून बांधलेली, पत्र्याची ट्रंक, भांड्यांचं पिंप, स्टुलावर देवांचं तबक, भिंतीला टेकवलेली केरसुणी. ट्रंकेवर काकी बसलेल्या. नवं लुगडं नेसून, केस चापून बसवून. फ्लॅटचं दार सताड उघडं, आत एक चमचाही नव्हता.

"काकी, हे काय? करार होतोय ना पुन्हा?"

"व्हईल. पन आधी घर काढायला नको?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लोकल उठत नाय म्हनतात. उठलेलं बघू दे तिला."

घरमालकीण वर आली. आधी गडबडली, मग मी समजावल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो काकी, कशाला एवढा त्रास घेतला! मी कधी म्हटलं का असं?" तिने काकींचा हात धरला. सगळं इतकं चांगलं चाललं होतं. ऊन खिडकीतून पॅसेजमध्ये आलं होतं, सामान तापत होतं. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं, एका गृहस्थाने डोकं बाहेर काढलं.

"हा कसला वास येतोय?"

भांड्यांच्या पिंपात, पितळी डब्याच्या मागे, एक बरणी होती. फडक्याने तोंड घट्ट बांधलेली. सुके बोंबील. गृहस्थांनी बोट दाखवलं. घरमालकिणीने काकींचा हात सोडला, हळूच, कोणाला दिसू नये तसा.

"तुम्ही माळकरी आहात म्हणाला होतात, काकी."

"हां. म्हनाले."

"मग हे?"

"ह्या घरात झाकन नाय उघडलं मी. कवाच नाय. नुसती ठेवलेली." काकींचा आवाज चढला नाही. "घरात असावी लागते."

मी मधे पडले. करारात मांसाहाराबद्दल एक ओळही नाही. असा सोसायटीचा नियम कागदावर असेल तर दाखवा. बरणी बंद होती. मी बरंच बोलले, आणि सगळं बरोबर बोलले. घरमालकीण खाली बघून म्हणाली, "माझं वैयक्तिक काही नाही हो. पण मला इथे सगळ्यांना तोंड द्यावं लागतं. आणि खोटं सांगितलं ना त्यांनी."

"गप गो अकोलकरणी," काकी म्हणाल्या. "बाईचं घर हाय. ती नाय म्हनली, तर नाय." मग त्या घरमालकिणीकडे वळल्या. "आत जा. रिकामं हाय तवर बसून ये जरा मधोमध. घराला बरं वाटतं."

ती बाई तिथेच उभी राहिली. तिला काही कळलं नाही.

सामान बाहेर काढलं नसतं तर काकी त्या फ्लॅटमध्ये अजून दोन-तीन वेळा अंगठे लावून राहिल्या असत्या. बरणी कोणाला दिसली नसती. मी हा हिशोब अनेकदा मांडला आहे. प्रत्येक वेळी तो त्याच जागी अडतो. सामान बाहेर न काढणाऱ्या काकी माझ्या ओळखीच्या नव्हत्या.

मुलगा टेम्पो घेऊन आला. उलव्याला चल म्हणाला, रागावला, रडला. काकी म्हणाल्या, दिसणार नसेल तर मग मोराच बरा, तिथं निदान मासं खाता येतं. त्यांचा भाऊ होता तिथे. सत्तरी उलटलेली बाई पुन्हा माहेरी राहायला गेली.

मी मधूनमधून मोऱ्याला जात असे. भावाच्या ओटीवर त्या बसलेल्या असत, सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत. आल्या आल्या विचारत, "कितवा स्लॅब?" सुरुवातीला मला सांगायला काहीतरी असे. मग बिल्डरचं आणि पुतण्यांचं बिनसलं, काम थांबलं. मी जाण्याआधी मुद्दाम गावठाणावरून चक्कर मारून जाई, आणि दर वेळी तेच : सळ्या गंजतायत, पत्र्यांवर वेल चढलाय.

"कितवा?"

"तेवढाच आहे, काकी. पण होईल."

"तू बघून आलीस ना?"

"हो."

"मंग बरं. कोनीतरी बघाया पायजे."

माझ्यासाठी वाल शिजवलेले असत. वहिनीच्या चुलीवर, वहिनीला विचारून. एकदा जेवताना काकी हळूच म्हणाल्या, "हितंपन मी नीट नाय बसत गो. पाय पोटाशी घेऊनच बसते." भाऊ-वहिनी चांगले होते. कोणी काही बोलत नव्हतं. मी वाल संपवले.

काकी गेल्या त्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. मी ऑफिसमध्ये होते. तो धड बोलू शकत नव्हता, तरी कामं पुढ्यात होती, आणि अशा वेळी लोक मला फोन करतात. नातेवाइकांच्या, गावाच्या ग्रुपवर निरोप टाकायचा होता. त्याने मजकूर लिहून पाठवला. सगळे लिहितात तसाच : दुःखद निधन झाले, अंत्ययात्रा अमुक वाजता, राहत्या घरापासून निघेल.

पाठोपाठ त्याचा पुन्हा फोन आला.

"ताई, मी ते राहत्या घरापासून लिहिलंय ना," तो म्हणाला. मागे कोणीतरी बांबू तासत असल्याचा आवाज येत होता. "लोक विचारतायत, कुठल्या घरापासून. मी काय लिहू?"

मी मजकूर पुन्हा वाचला. चुका काढणं हे माझं रोजचं काम आहे. मोऱ्याचं घर भावाचं होतं. उलव्याला त्या एक रात्रही राहिल्या नव्हत्या. आणि गावठाणात नुसत्या सळ्या होत्या.

"ते दोन शब्द काढ," मी म्हटलं. "मामांच्या घरापासून, मोरा, असं लिही."

त्याने काढले. निरोप गेला. मी कागद बाजूला सारले आणि मोऱ्याला जायला रिक्षा बघू लागले.